रोल केज रंगवताना छताकडची बाजू आधी

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा, वेल्ड होऊन गाडीत बसलाय आणि पेंटर म्हणतो, दारं उघडी ठेवून गनने मारून देतो. तुमची अडचण ओळखीची आहे. मारू देऊ नका.

छत आणि पाइप यांच्यात जेमतेम बोटभर फट असते, तिथे फवारा पोचत नाही. आमच्या बडोद्यातल्याच एका गॅरेजने (नाव लिहीत नाही) माझ्या गाडीत समोरची बाजू चकचकीत केली आणि मागची कोरी सोडली. एका पावसाळ्यात तिथून गंजाचे ओघळ उतरले आणि सगळा रंग खरवडावा लागला. सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

म्हणून सुरुवात मागून करा. एमरी क्लॉथची इंचभर रुंद, १८० नंबरची पट्टी पाइपमागून ओवून, बूट पॉलिश करतात तशी दोन्ही टोकं धरून ओढा. पण त्याआधी थिनरच्या फडक्याने तेल काढायला हवं. सीमलेस पाइपवर तेलाचा थर असतो आणि आधी घासलं तर तो नुसता पसरतो. डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश असेल तर त्याला लागलेलं फडकं केजला अजिबात लावू नका, रंगात खड्डे पडतात. मग इपॉक्सी प्रायमर, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं अस्तर. गुळगुळीत कापडाची पट्टी त्यात भिजवून तशीच पाइपमागून ओढायची, समोर लहान फोम रोलर. छोटा आरसा आणि टॉर्च धरून प्रत्येक सांधा बघा. प्रायमर एका वेळी १०० मिलीच कालवा, हार्डनर पडल्यावर तो थांबत नाही. प्रमाण डब्यावरचंच.

वर साधा सिंथेटिक इनॅमल, दोन पातळ हात. ४० मिमीचा २२ मीटर पाइप म्हणजे साधारण ३ चौरस मीटर, एक लिटर पुरून उरतो. इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग किंवा एनसी थिनर नको, सुरकुत्या येतात. रंग फिका राखाडी घ्या असं माझं ठाम मत आहे. वेल्डची चीर त्यावर लगेच दिसते, काळ्यावर नाही.

टू-के पीयू (हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग) गाडीच्या आत मारायचा हट्ट असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवाच. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाचा वास वेळेवर कळत नाही आणि धुळीचा मास्क त्यापुढे शून्य. ब्रशच्या कामालाही कार्बन काडतुसाचा मास्क लावा. बॅटरीची तार काढा. पंखा दाराबाहेर ठेवून हवा आत ढकला, वाफ पंख्यातून ओढू नका, मोटरची ठिणगी आहे.

स्पर्धेत उतरणार असाल तर वेल्ड रंगाआधी तपासून घ्यायचे का ते आयोजकांना विचारा, नियम सगळीकडे सारखे नसतात. चॅसिस नंबरवर टेप लावायला विसरू नका. पाइपवरचं फोमचं पॅडिंग ताज्या इनॅमलवर रबर सोल्यूशनने चिकटवलं तर खालचा रंग मऊ पडतो, त्यापेक्षा प्लास्टिकच्या टायने बांधा. आणि हे काम दसऱ्यानंतरच काढा, पावसाळी हवेत इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहतो.