वॉकर जाईल एवढी वाट

"शेजाऱ्यांच्या गाड्यांवरून बोललं तर वैर होतं, गप्प बसलं तर झोप लागत नाही. काय करावं?" लातुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. ट्यूशनसाठी आलेली पोरं एकेका फ्लॅटमध्ये चार-पाच राहतात, पार्किंग मात्र एका कुटुंबाच्या हिशोबाचं. मग गाड्या बोळात येतात.

औसा रोडकडच्या एका निवृत्त गुरुजींना त्यांची सून घेऊन आली (ओळख बदलली आहे). बीपी वाढलेलं. रात्री दोनला उठून गॅलरीत उभे राहायचे. काकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकरवर, आणि बोळातून बाहेर पडायला जागाच नाही. गुरुजी रोजचे गाडीनंबर वहीत लिहीत. एका रात्री त्यांनी दोन गाड्यांची हवा सोडली. हे सांगताना मान खाली होती.

मी वही चाळली. पानंच्या पानं नंबर, नाव एकही नाही. विचारलं, "गुरुजी, वाटेवरून घरात याआधी कधी भांडण झालं होतं?" बराच वेळ गेला. मग शेताच्या बांधाचा विषय निघाला. गावाकडं भावकीनं शेताची वाट नांगरली होती. वडील तहसीलला खेटे घालून थकले. "एकदा वाट सोडली की गेलीच म्हणून समजा, मॅडम. इथंबी तेच करायलेत."

काकूंची अडचण खरी होती. पण बोळातल्या पोरांवर भावकीचाही राग निघत होता. म्हणून काकूंना नेमकी किती जागा लागते, ते आधी मोजायला सांगितलं. तीन फूट पुरेत. कायदाही सांगितला: सार्वजनिक जागी अडथळा होईल अशी गाडी उभी करायला मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 122 नुसार मनाई आहे, वाहतूक शाखेकडं तक्रार देता येते. दाद मागायला जागा आहे हे कळलं की माणूस जरा शांत होतो, असा माझा अनुभव आहे.

रविवारी सकाळी, सुनेला घेऊन अपार्टमेंटच्या चेअरमनकडं जायचं ठरलं. हवा सोडल्याचं आधी कबूल करायचं, यावर मात्र गुरुजी अडले. दोन भेटी त्यातच गेल्या. मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी पोरांसमोरच सांगितलं. चुन्याची रेघ मग पोरांनीच मारली.

अधूनमधून रेघेच्या आत एखादी गाडी लागतेच. गुरुजी खाली उतरून नावानं हाक मारतात. जूनमध्ये नवी पोरं आली की पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल, असं मागच्या भेटीत म्हणाले.