वाणिज्य शाखेच्या मुलांना एआय शिकवताना आधी तंत्र की आधी परिणाम?

तुमचा प्रश्न असा की बीबीएच्या वर्गात आधी तंत्र शिकवून नोकरी-धंद्यावरचे परिणाम शेवटच्या दोन तासांत घ्यावेत का. मी सांगलीत वाणिज्य शाखेला शिकवतो. पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं आणि पस्तावलो.

आता सुरुवात बेदाण्यापासून करतो. वर्गात तासगावकडची बरीच मुलं असतात, प्रतवारी त्यांनी घरी बघितलेली असते. हिरव्या, पिवळ्या, काळ्या मालाचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि गूगलच्या ‘टीचेबल मशीन’वर मॉडेल, म्हणजे फोटो बघून प्रत ओळखणारा प्रोग्राम, करायचं. फुकट आहे, कोड लिहावा लागत नाही. एका गटाचं मॉडेल वर्गात एकदम पक्कं, शेडवर नेलं तर सपशेल आपटलं. हिरव्याचे सगळे फोटो निळ्या ताटात काढलेले; पठ्ठ्या बेदाणा नाही, ताट ओळखत होता!

खरा तास इथून पुढं. हिरवा माल पिवळा ठरला तर फटका शेतकऱ्याला, पिवळा हिरवा ठरला तर व्यापाऱ्याला. मग मॉडेलनं चुकायचंच तर कुणाच्या बाजूनं? आणि ते ठरवणार कोण, मशीन विकत घेणारा? यावर वर्गात भांडणं होतात. होऊ द्यावीत. निवडणीला जाणाऱ्या बायकांच्या रोजगाराचा विषय मला काढावा लागत नाही, एखाद्या मुलाची आईच त्या कामावर असते.

नवं तंत्र आलं की कामाची मांडणीही बदलावी लागते, हे सांगायला मी विजेची गोष्ट घेतो. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र 1882 चं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांची उत्पादकता खरी वाढली 1920 नंतर. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं 1990 मध्ये याचं कारण मांडलं: आधी लोकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी मोठी मोटर बसवली, बाकी मांडणी तीच ठेवली. यंत्रागणिक वेगळी मोटर आली, कामाचा क्रम बदलला, तेव्हा फायदा दिसला. विट्याच्या पोरांना हे चटकन कळतं, यंत्रमागाची मोटर रोजची डोळ्यांसमोर असते.

व्याख्या विचारणं मी बंद केलंय. घरच्या धंद्यातला एक निर्णय घ्या. आज तो कोण, कशावरून घेतं, उद्या कोण घेईल आणि चुकला तर कुणाच्या खिशातून जाईल ते लिहा, एवढंच. एकीनं वडिलांच्या किराणा दुकानातली उधारी निवडली. तिनं लिहिलं, वहीत तारखा आहेत, आकडे आहेत, पण कुणाला पुढच्या हंगामापर्यंत थांबू द्यायचं हे बाबा कशावरून ठरवतात ते वहीत कुठंच नाही. पैकीच्या पैकी दिले.