बार्सिलोनाची शाळा आणि कातालानची धास्ती

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून बार्सिलोनाला आलोय. मुलगा सात वर्षांचा. इथल्या सरकारी शाळेत सगळं कातालानमध्ये शिकवतात. स्पॅनिश निदान जगात चालते, ही भाषा कुठे चालणार? इंटरनॅशनल शाळेत घालावं का? – एक आई

ताई, आधी स्पॅनिशची काळजी सोडा. बार्सिलोनात ती बागेत, दुकानात, टीव्हीवर सतत कानावर पडते, आणि शाळेत विषय म्हणूनही असते. शिक्षण संपेपर्यंत मुलाला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, असं कायदाच सांगतो. कातालान मात्र शाळेत नाही मिळाली, तर सहजासहजी मिळत नाही.

वर्षा-दोन वर्षांत परतणं नक्की असेल, तर इंटरनॅशनल शाळा ठीक. मुलगा चौदा-पंधराचा असता, तरी मी वेगळा विचार केला असता. सातव्या वर्षी मात्र बेलाशक सरकारी शाळेत घाला. आधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद, म्हणजे 'एम्पाद्रोनामेंत', करून घ्या. प्रवेशात घराजवळच्या शाळेला गुण मिळतात. नवख्या मुलांसाठी बऱ्याच शाळांत वेगळा स्वागतवर्गही असतो. शाळेत तो आहे का, ते विचारा.

आता 'कुठे चालणार' याबद्दल. बार्सिलोना ज्या कातालोनियात आहे, तो स्पेनमधला स्वायत्त प्रदेश आहे आणि कातालान ही तिथली भाषा. त्याची स्वतःची संसद आहे, सरकार आहे, पोलीस आहेत. पण 1939 मध्ये हुकूमशहा फ्रँको स्पेनचं यादवी युद्ध जिंकला आणि ही भाषा शाळांतून, कचेऱ्यांतून हद्दपार झाली. 1975 मध्ये तो गेला, 1979 मध्ये स्वायत्तता परत मिळाली आणि 1983 च्या भाषा कायद्यानंतर कातालान पुन्हा शाळेत रुजली. शाळा सुटताना नातवंडांना न्यायला येणाऱ्या आज्यांमध्ये अशा कितीतरी आहेत, ज्या ही भाषा जन्मभर बोलल्या, पण त्यांना ती लिहायला कुणी शिकवलीच नाही. त्यांच्यासमोर तुमचा प्रश्न चुकूनही काढू नका. मुंबईत वीस वर्षं काढून कुणी "मराठी शिकून काय करायचंय?" म्हणालं, की आपल्या पोटात कसं तुटतं!

माझी मुलगी पहिल्या डिसेंबरात माझी जुनी शाल मागायला आली. कशाला, तर वर्गातल्या लाकडाच्या ओंडक्याला थंडी वाजते म्हणून. 'तिओ दे नादाल' त्याचं नाव. मुलं त्याला पांघरूण घालतात, रोज खाऊ भरवतात आणि नाताळात गाणं म्हणत काठीनं बडवतात. मग पांघरुणाखालून भेटी निघतात. त्या संध्याकाळी तिनं मला ते गाणं शिकवलं, तीनदा माझे उच्चार सुधारले. शाळा सुरू होऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते.

तुम्हीही शिका. मोठ्यांसाठी कातालानचे सुरुवातीचे सरकारी वर्ग फुकट असतात. कातालोनियानं स्पेनपासून स्वतंत्र व्हावं का, या वादात मात्र इतक्यात मत देऊ नका. 2017 च्या सार्वमतावरून एकाच घरातली माणसं दुरावली आहेत, त्या जखमा अजून ओल्या आहेत.

घरात मराठीच बोला. शाळेत कातालान, बाहेर स्पॅनिश, घरी मराठी असं ठरलेलं असलं की मुलं गोंधळत नाहीत. गोंधळ होतो तो आपण धास्तावून त्यांच्याशी मोडकं स्पॅनिश बोलायला लागतो तेव्हा.

आणि 23 एप्रिलला, कातालोनियाचे संत सान जोर्दी यांच्या दिवशी, रस्तोरस्ती पुस्तकं आणि गुलाब विकायला येतात. त्यातला एक गुलाब मुलाच्या हातून बाईंना द्या आणि त्याला "मोल्तेस ग्रासिएस", म्हणजे कातालानमध्ये 'खूप आभार', म्हणायला सांगा.