पितळी मुठीच्या भिंगावर 'लंडन' कोरलंय. ते खरंच जुनं आहे का, आणि किंमत किती?

नुसत्या 'लंडन'वरून भिंग जुनं ठरत नाही. तसा माल आजही रुडकी आणि मुरादाबादला बनतो, आणि तुमचं भिंग त्यातलं असेल तर किंमत काहीशे रुपयेच. मुंबईच्या चोरबाजारात 'रॉस लंडन', 'स्टॅनली लंडन' कोरलेल्या पितळी वस्तू ढिगाने मिळतात. म्हणून नाव सोडा, झीज बघा. खऱ्या वापरातल्या मुठीवर अंगठा टेकतो तिथली नक्षी पुसट होते आणि मळ फक्त खाचांत उरतो. रसायन लावून काळवंडवलेलं पितळ मात्र सगळीकडे सारखंच काळं दिसतं. भिंग गालाला लावून पाहा: काच गार लागते, ॲक्रिलिक तितकं लागत नाही.

मूठ चांदीची असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यावरचे बारीक ठसे वाचा. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची ९२.५ टक्के शुद्ध चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि सोबतचं एकटं अक्षर वर्ष सांगतं. पण वजनावर भाव लावू नका, कारण अशा बऱ्याच मुठी पातळ पत्र्याच्या असतात आणि आत राळ भरलेली असते. शिवाय जुन्या सुरीच्या मुठीला नवं भिंग जोडूनही विकतात, तेव्हा मूठ आणि कडं यांचा सांधा नीट तपासा.

मूठ हस्तिदंती निघाली तर कितीही जुनी असो, विकायला काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात त्या व्यापाराला बंदी आहे.