जे घडलेच नाही, तेच आता आठवते

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. वडील वारल्यावर आमच्या पाच एकर वावराच्या सातबाऱ्यावर आईचे, भावाचे आणि माझे नाव लागले. पुढे आईने आणि मी तालुक्याला जाऊन भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. निघताना आई म्हणाली होती, "तुले काय कमी हाये बाई, भावाले राहू दे." वर्षभरात आई गेली आणि त्यानंतर दोन वर्षांनी भावाने धुऱ्याकडचे दोन एकर विकले. हे मला शेजारणीकडून कळले. यावर मी एक लघुकथा लिहिली. तीत भाऊ पीककर्जाचे निमित्त सांगून बहिणीची सही कोऱ्या कागदावर घेतो आणि त्याच कागदाचे पुढे हक्कसोडपत्र होते. कथा गावात वाचली गेली. भाऊ म्हणाला, "तू खोटं लिवलं." कथा मी इतक्या वेळा लिहून काढली आहे की, आता मलाही तो कोरा कागदच आठवतो. कथेत कल्पना किती चालते?

उत्तर : कोरा कागद आठवू लागला आहे, हे आपण स्वतःहून कबूल केले, म्हणून हे उत्तर मी मोकळेपणाने लिहीत आहे. पुढचा खर्डा हाती घेण्यापूर्वी त्या हक्कसोडपत्राची प्रमाणित नक्कल मिळवा. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार शेतजमिनीवरील हक्क सोडण्याचा असा दस्त नोंदवावाच लागतो. त्यासाठी सही करणारी व्यक्ती दुय्यम निबंधकांसमोर दस्त कबूल करते आणि दस्तावर तिचे छायाचित्र व अंगठ्याचा ठसा राहतो. ज्यांचे निम्मे आयुष्य तलाठ्याकडे फेरफारासाठी खेटे घालण्यात गेले, असे आपले वाचक कोऱ्या कागदाचे हक्कसोडपत्र कसे झाले, हे पहिल्याच पानावर विचारतील. कथा काल्पनिक असली तरी तिच्यातला व्यवहार गावच्या माणसाला पटला पाहिजे.

मात्र माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. गावाचे नाव बदला, पाच एकरांचे आठ करा, एका भावाचे दोन करा, सोयाबीनच्या जागी कपाशी पेरा. कथेला हे सारे स्वातंत्र्य आहे. कोऱ्या कागदाने मात्र आपल्याला सोयीचे काम केले. त्याने बहिणीला अजाण ठरवले, आईला प्रसंगातून बाहेर काढले आणि सगळा दोष एकट्या भावाच्या पदरी टाकला. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, त्यामुळे आपण सोडले ते आपले स्वतःचे होते. माहेर तुटू नये म्हणून, आईच्या एका वाक्याखातर आणि वावर घरातच राहील या विश्वासावर आपण ते जाणून सोडले. ते विकताना भावाला आपली संमती घेण्याची कायद्याने गरज नव्हती, आणि त्याने आपल्याला सांगितलेही नाही. जिथे एकही सही खोटी नाही, अशा या विश्वासघातासमोर मला कोऱ्या कागदाची युक्ती फार तोकडी वाटते.

ऋद्धिपूर आपल्याच विदर्भातले. तिथे 13व्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून "लीळाचरित्रा"त लिहिल्या, आणि त्याच्या पुढच्या प्रतींमध्ये एकाच लीळेबद्दल निरनिराळ्या जणांच्या आठवणींतले फरक "वासना" म्हणून शेजारी शेजारी नोंदवलेले आढळतात. धर्मग्रंथाची आणि आपल्या कथेची बरोबरी मी करीत नाही. परंतु दोन आठवणींपैकी एक पुसून न टाकता दोन्ही ठेवण्याची ही रीत आपल्याला उपयोगी पडेल. कथेतल्या बहिणीला कोरा कागद आठवू द्या आणि तिच्या हाती दस्ताची नक्कल येऊ द्या. नकलेवर तिचे छायाचित्र असेल, शेजारी आईचेही असेल. आपली आठवण खोटी आहे हे तिला त्या क्षणी कळते आणि तरीही फसवले गेल्याची वेदना खरीच राहते. आपली कथा मला इथे दिसते, आणि यासाठी आपल्याला काहीही नव्याने रचावे लागणार नाही, कारण हे आपल्याच बाबतीत घडले आहे.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीची तरतूद आहे. कथेच्या माथ्यावर "काल्पनिक" असे लिहिले म्हणजे संरक्षण मिळतेच असे नाही. गाव ज्याला ओळखते त्या माणसावर फसवून सही घेतल्याचा आळ येत असेल, तर प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून सध्याच्या रूपात ही कथा कुठेही छापायला देऊ नका.

राहिला भाऊ. त्याने दोन एकर का विकले, हे आपल्या पत्रात कुठेच नाही. डोक्यावर कर्ज होते, दवाखाना होता की आणखी काही, हे त्याला विचारा. त्याचे उत्तर आपल्याला पटले नाही, तरी ते त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडीतच, कथेत येऊ द्या. आणि नवा खर्डा पूर्ण झाला की, गावाच्या आधी तो त्याला वाचायला द्या.