नोकरी बदलताना आधी तुमच्या लेखांवरचं तुमचं नाव वाचवा

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. बाणेरच्या एका गेमिंग साइटवर ३ वर्षं रिव्ह्यू लिहिताय, दुसरीकडून ऑफर आलीय, नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. राजीनामा कधी द्यावा आणि पगार किती मागावा, असं विचारलंय. त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय (लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, एवढंच मीही म्हणेन). पण पोस्टच्या शेवटी तुम्ही जाता जाता म्हटलंय, ‘लेखांचं काय, ते साइटवर आहेतच.’ ते वाचून राहवलं नाही. जून २०२२ मध्ये मीही अगदी हेच म्हणत होते.

मी तेव्हा पुण्यातल्याच एका साइटवर होते. नाव लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका. शेवटचा दिवस शुक्रवार होता. लॅपटॉप जमा केला, ओळखपत्र दिलं, तीन कागदांवर सह्या केल्या. साडेतीनला फोनवरचा ऑफिसचा मेल बंद झाला. निरोपाचा मेल ड्राफ्टमध्येच राहिला आणि सगळ्या पीआरवाल्यांचे (गेम कंपन्यांची प्रसिद्धी बघणाऱ्यांचे), गेम बनवणाऱ्या डेव्हलपर मंडळींचे पत्तेही त्यातच राहिले.

तीन आठवड्यांनी नव्या ठिकाणच्या संपादकांनी वरिष्ठांना दाखवायला पाच लिंक मागितल्या. कर्वेनगरच्या घरी ओट्याशी उभ्याउभ्याच मी ‘एल्डन रिंग’ या गेमच्या रिव्ह्यूची लिंक उघडली. ९० तास खेळून लिहिलेला रिव्ह्यू. शीर्षकाखाली जिथे माझं नाव असायचं, तिथे साइटचं नाव आणि पुढे ‘टीम’. दुसरी लिंक उघडली, तेच. तिसरी, तेच. माझ्या नावाचं लेखक-पान तर सापडतच नव्हतं. गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीतही होऊ शकतं. बऱ्याच साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालतात. तिथे एखाद्याचं खातं डिलीट करायला गेलं की सिस्टीम विचारते: याचे लेखही उडवायचे, की दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायचे? समोरच्याने दुसरा पर्याय निवडून ‘टीम’चं खातं दिलं की तुमची सगळी वर्षं एका क्लिकमध्ये त्या नावावर जातात. खरं तर खातं डिलीट करायची गरजच नसते. खात्याचा रोल, म्हणजे त्याचे अधिकार, काढून घेतला की लॉगिन करून काहीच करता येत नाही आणि लेखांवरचं नाव मात्र तसंच राहतं. हे मला एका जुन्या सहकाऱ्याने समजावलं, पण सगळं होऊन गेल्यावर.

मी त्या ऑफिसला चार महिन्यांत सात मेल केले. पहिल्या तीनला उत्तरच नाही. चौथ्याला एका ओळीचं उत्तर, ‘सोडून गेलेल्यांची प्रोफाइल काढणं ही आमची पॉलिसी आहे.’ पॉलिसी कुठे लिहिलीय, हे विचारलं तर पुन्हा शांतता. शेवटी स्वतः गेले. जिथे दोन वर्षं रोज वर जात होते, तिथेच खाली व्हिजिटरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून सव्वा तास बसले. एचआर मीटिंगमध्ये आहेत, असा निरोप आला. मी पैसे मागत नव्हते, कुणाची तक्रार करत नव्हते. माझंच नाव परत मागत होते. आजही त्यातल्या बहुतेक लेखांवर ‘टीम’च आहे. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, हे मान्य करते.

याची किंमत काय पडली? नव्या संपादकांचा माझ्यावर विश्वास होता, पण वरिष्ठांना पुरावा हवा होता. पाच महिने पगारावर न घेता लेखामागे पैसे, अशा बोलीवर काम केलं.

‘इंटरनेटवर आहे म्हणजे कायम आहे’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९१ पासून चालणारं अमेरिकेतलं गेमिंग मासिक ‘गेम इन्फॉर्मर’ २ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं, तेव्हा अख्ख्या साइटच्या जागी एक निरोपाचा संदेश उरला. मार्च २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं हे नशीब. तिथे निदान जगभर आरडाओरडा झाला. आपल्याकडे पुण्यातली एखादी साइट बंद पडली तर कळणारही नाही.

म्हणून आज रात्रीच बसा. प्रत्येक लेखाची लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती जपल्या जातात) सेव्ह करा, त्यात तारीख आणि नाव दोन्ही टिकतं. त्यावरच विसंबू नका, साइटच्या मालकाने विनंती केली तर तिथूनही पानं काढली जाऊ शकतात. म्हणून पीडीएफही करा, वर नाव आणि तारीख दिसेल अशी. ओपनक्रिटिकवर (ही साइट सगळीकडचे गेम रिव्ह्यू एकत्र दाखवते) तुमचे रिव्ह्यू जात असतील तर तिथलं तुमच्या नावाचं पानही सेव्ह करा.

फक्त प्रसिद्ध झालेल्या गोष्टीच घ्या. न छापलेले ड्राफ्ट, पीआरचे करार, रिव्ह्यू कोड (रिव्ह्यूसाठी मिळालेला, गेम उघडायचा कोड) यातलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तिथे चूक तुमची ठरेल.

कायद्याबद्दल, मी वकील नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क दुसऱ्याकडे गेले तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा लेखकाचा अधिकार राहतो. सोडून गेल्यावर स्पर्धकाकडे काम करू नये, असं कलम करारात असेल तर करार कायदा १८७२ चं कलम २७ वाचा, अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं. तुमचा करार जाणकाराला दाखवूनच काय ते ठरवा.

एम्बार्गोत अडकलेला, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी ज्याचा रिव्ह्यू छापायला बंदी आहे असा गेम सध्या खेळत असाल तर तो कोड जुन्या साइटला मिळालाय, तुम्हाला नाही. नव्या ठिकाणी तो रिव्ह्यू नेऊ नका. संपवून जुन्या साइटलाच द्या किंवा नोट्स सहकाऱ्याला द्या, आणि पीआरला आपण जातोय हे आधी सांगा. अटी किती बारीक असतात ते डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ च्या वेळी सगळ्यांनी पाहिलं, रिलीजआधीच्या रिव्ह्यूत स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओही दाखवता येत नव्हता. पुण्यातल्या स्टुडिओंशी, मग ‘राजी’ हा गेम बनवणारे नॉडिंग हेड्स असोत की ‘इंडस’ गेमवाले सुपरगेमिंग, ओळख ठेवायची तर फोनवर ठेवा. ऑफिसच्या मेलवरची ओळख ऑफिसचीच राहते.

थोडं विषयांतर: जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकली नाही तर ट्रान्सफर अडकतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख पोर्टलवर स्वतः टाकता येते, एचआरच्या मागे धावू नका. आणि पैसे काढू नका, ट्रान्सफरच करा.

आता मुख्य काम. राजीनाम्याच्या दिवशीच संपादक आणि एचआर दोघांना हा मेल टाका, स्वतःच्या जीमेलला प्रत ठेवून:

‘माझ्या नावाने प्रसिद्ध झालेल्या लेखांची यादी सोबत जोडली आहे. मी गेल्यानंतर माझं लेखक-खातं डिलीट न करता फक्त त्याचे अधिकार काढून घ्यावेत आणि या लेखांवरची बायलाइन (लेखकाचं नाव) आहे तशीच ठेवावी, ही विनंती. तसं होईल हे माझ्या शेवटच्या दिवसाआधी याच मेलवर कळवावं.’

उत्तर आलं नाही तर दर सोमवारी याच मेलवर आठवण करा. ६० दिवस आहेत, म्हणजे आठ सोमवार तुमच्याकडे आहेत. माझ्याकडेही तेवढेच होते. यादी करताना अडलात तर इथेच लिहा, मी बघते.