जास्त मुलांनी भौतिकशास्त्र घ्यावं यासाठी शाळेत काय करता येईल?

बरीच मुलं खरं तर गणिताला घाबरून हा विषय सोडतात. म्हणून सूत्र आधी फळ्यावर लिहू नका. दोऱ्याला लोखंडी नट बांधा, लांबी १ मीटर ठेवा, हलकासा झोका द्या. जाऊन परत यायला साधारण २ सेकंद लागतात. आता त्याच जागी दोन नट बांधले तर? बहुतेकांना वाटतं वेळ बदलेल. बदलत नाही! मोजल्यावर वर्गात जो गोंधळ उडतो ना, तिथेच गोडी लागते. मग दोरा २५ सेंटीमीटर, म्हणजे पाव करा, वेळ मात्र निम्म्यावर येतो. सूत्रातल्या वर्गमुळाची गरज मग आपोआप पटते.

आणि ‘हा विषय हुशारांचाच’ हे बोलणं आधी बंद करा, मुलींसमोर तर नक्कीच. विषय निवडायच्या वर्षी भाषणं देऊन उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो.